हॅटी मॅकडॅनियल : आपण चुकीची तारीख साजरी करतो

१/ ऑस्करचा हंगाम आला की दरवर्षी एक कृष्णधवल छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. गार्डेनियाची शुभ्र फुले माळलेली एक कृष्णवर्णीय स्त्री हातात सन्मानफलक घेऊन उभी असते. खाली मजकूर ठरलेला : ‘ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत, २९ फेब्रुवारी १९४०’. आपण टाळ्या वाजवतो आणि पुढे सरकतो.

२/ त्याच छायाचित्राखाली दुसरा एक पक्षही उभा राहतो. त्याचे म्हणणे असे की ही बाई आयुष्यभर गोऱ्यांच्या मोलकरणीच रंगवत राहिली, गुलामगिरी गोड करून दाखवणाऱ्या चित्रपटात तिने काम केले, मग हिचा कसला गौरव? हा धागा या दोन्ही पक्षांच्या विरोधात आहे. माझा आरोप असा की दोघेही एकच चूक करतात. दोघेही पडद्याकडेच पाहतात, पडद्याबाहेरच्या स्त्रीने काय केले हे कोणी विचारत नाही.

३/ आधी व्यक्ती पाहू. हॅटी मॅकडॅनियल यांचा जन्म कॅन्सस राज्यातील विचिटा येथे १८९३ साली झाला (त्यांच्या थडग्यावर मात्र १८९५ कोरलेले आहे). तेरा भावंडांत त्या धाकट्या. आईवडील दोघेही जन्माने गुलाम. वडील हेन्री यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने कृष्णवर्णीयांच्या पलटणीत लढले, जायबंदी झाले आणि नंतर निवृत्तिवेतनासाठी सरकारदरबारी वर्षानुवर्षे झगडत राहिले. आई सुझन गोऱ्यांच्या घरी कामाला जात असे.

४/ म्हणजे मोलकरीण ही हॅटी यांच्या दृष्टीने केवळ पटकथेतील पात्र नव्हती. ती त्यांची आई होती. पुढे त्या स्वतःही होत्या. ‘तुम्ही मोलकरीण का रंगवता?’ हा प्रश्न त्यांना विचारणाऱ्या बहुतेकांच्या घरातील स्त्रियांवर ते काम करण्याची वेळ कधी आली नव्हती, हे ध्यानात ठेवूनच पुढे वाचावे.

५/ बालपण कोलोरॅडोत, मुख्यतः डेन्व्हरमध्ये गेले. शाळकरी वयात त्यांनी मद्यपानविरोधी महिला संघटनेच्या पठणस्पर्धेत पदक मिळवले. १९१४ मध्ये बहीण एट्टा यांच्यासह त्यांनी केवळ स्त्रियांची मिन्स्ट्रेल मंडळी उभी केली. विसाच्या दशकात त्या ब्लूज गात होत्या, स्वतः गीते लिहीत होत्या आणि १९२६ ते १९२९ या काळात त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. हॉलिवूडने घडवलेली ही बाहुली नव्हती. हॉलिवूडच्या दारात पोहोचण्यापूर्वीच ही कलावंत पूर्ण घडलेली होती.

६/ १९२९ चा आर्थिक कोसळा आला आणि फिरती नाटकमंडळी मोडली. मॅकडॅनियल मिल्वॉकीत अडकल्या. तेथील एका क्लबात त्यांना काम मिळाले ते प्रसाधनगृहातील सेविकेचे. गाणे तेथेच सुरू झाले, पण मागच्या दाराने. १९३१ मध्ये त्या लॉस एंजेलिसला भावंडांकडे आल्या. तेथे आकाशवाणीवर ‘हाय-हॅट हॅटी’ या नावाने त्या लोकप्रिय झाल्या. मानधन मात्र इतके तुटपुंजे होते की पोटासाठी घरकामही करावे लागे.

७/ येथे एक आकडा लक्षात ठेवू. १९४० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी जवळजवळ साठ टक्के स्त्रिया घरकामात होत्या. आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ज्यांना वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनातून वगळले, त्यांत घरकामगार आणि शेतमजूर होते. म्हणजे ज्या देशाने १९४० साली पडद्यावरील मोलकरणीला सन्मानफलक दिला, त्याच देशाने खऱ्या मोलकरणीला म्हातारपणचा आधार नाकारला होता. या विसंगतीचा जाब अभिनेत्रीला विचारायचा की राज्यव्यवस्थेला?

८/ तिसाच्या दशकात त्यांच्या वाट्याला भराभर भूमिका आल्या. कित्येकींना नामावलीत नावही नव्हते. तथापि त्या छोट्या जागेत त्या काय करत, हे पाहण्यासारखे आहे. ‘अ‍ॅलिस अ‍ॅडम्स’ (१९३५) मध्ये एक मध्यमवर्गीय कुटुंब श्रीमंतीचे सोंग आणण्यासाठी एका रात्रीपुरती मोलकरीण भाड्याने आणते. उकाड्याने जीव नकोसा झालेला, त्यात गरमागरम जेवणाचा बेत. मॅकडॅनियल यांची मलेना ते वाढते ती चेहऱ्यावरचा कंटाळा यत्किंचितही न लपवता. सोंग उघडे पडते ते तिच्यामुळेच. हसू येते ते यजमानांचे. तिचे नाही.

९/ चरित्र अभिनेत्रीची कला ती हीच. पटकथा तिला चार वाक्ये देते आणि ती त्या चार वाक्यांच्या मधल्या जागेत माणूस उभा करते. मात्र या कलेची मर्यादाही सांगितली पाहिजे. मधली जागा कितीही भरली तरी चौकट बदलत नाही. चौकट लिहिणारे, विकणारे आणि तिचा नफा घेणारे निराळेच असतात.

१०/ आता वादाच्या मुळाशी येऊ : ‘गॉन विथ द विंड’ (१९३९). हा चित्रपट म्हणजे ‘लॉस्ट कॉज’ या मिथ्यकथेचे भव्य चित्रण आहे. ही मिथ्यकथा सांगते की दक्षिणेचे मळे म्हणजे हरवलेले सुवर्णयुग, गुलाम सुखी होते आणि युद्धाने एक सुंदर संस्कृती उद्ध्वस्त केली. इतिहासाच्या कसोटीवर यातले काहीही टिकत नाही. यात मॅकडॅनियल यांनी रंगवलेल्या दाईला स्वतःचे नावदेखील नाही. ती केवळ ‘मॅमी’. तिचे घर, तिची मुले, तिचे स्वातंत्र्य यांविषयी चित्रपट एक अक्षर बोलत नाही.

११/ म्हणून टीकाकारांचा मूळ आक्षेप मी नाकारत नाही. तो खराच आहे. किंबहुना त्यांचे सर्वांत बळकट म्हणणे असे मांडता येईल : मॅकडॅनियल सुमार नटी असत्या तर चित्रपटाची हानी कमी झाली असती. त्यांनी मॅमीला इतके जिवंत केले की ते असत्य प्रेक्षकांच्या काळजात घर करून बसले. जिन्यावरचा प्रसंग आठवा. लहान मुलीच्या मृत्यूनंतर मेलनीला वर नेताना मॅमी रडत रडत घरात काय घडले ते सांगते. संपूर्ण चित्रपटाचे दुःख तेथे एका दाईच्या आवाजात साठले आहे. पण ते दुःख मालकांचे आहे.

१२/ हा आक्षेप मान्य केल्यावरही प्रश्न उरतोच. या असत्यासाठी उत्तरदायी कोण? कादंबरी मार्गारेट मिचेल यांची, पैसा आणि अंतिम शब्द निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांचा. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी आणि एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेने निषेध केला तेव्हा सेल्झनिक यांनी वर्णद्वेषी शिवी पटकथेतून काढली. म्हणजे बदल करण्याचे सामर्थ्य कोणाकडे होते, हे निर्मात्यानेच दाखवून दिले. तरीही ऐंशी वर्षे जाब विचारला जातो तो मॅमी रंगवणारीला.

१३/ चित्रपटाचा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटात झाला. जॉर्जिया राज्यात वर्णभेद कायद्याने पाळला जात असल्यामुळे मॅकडॅनियल यांच्यासह कृष्णवर्णीय कलावंतांना त्या सोहळ्यात स्थान नव्हते. आदल्या रात्री गोऱ्या प्रतिष्ठितांसाठी नृत्यसमारंभ झाला. त्यात एबनेझर चर्चचे गायकवृंद मळ्यावरील गुलामांच्या वेशात गायले. त्या वृंदात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

१४/ ही माहिती मी मुद्दाम देत आहे. त्या रात्री गुलामाचा वेश चढवला म्हणून कोणी किंग यांना द्रोही म्हणत नाही, कारण त्यांचे पुढचे आयुष्य आपल्याला ठाऊक आहे. ते लहान होते, मॅकडॅनियल प्रौढ होत्या, हा भेद मान्य. परंतु न्याय करताना पुढचे आयुष्यही पाहायचे असते, हे तत्त्व एकदा स्वीकारले की ते सर्वांना लावले पाहिजे.

१५/ आता २९ फेब्रुवारी १९४०. स्थळ : लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलातील ‘कोकोनट ग्रोव्ह’. हे हॉटेल कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नसे. मॅकडॅनियल यांना आत येता यावे म्हणून सेल्झनिक यांना शब्द टाकावा लागला. चित्रपटातील इतर कलावंत एकत्र बसले होते. मॅकडॅनियल यांचे छोटे टेबल दूर, भिंतीजवळ होते. नाव पुकारल्यावर त्या तेथून उठून मंचापर्यंत चालत गेल्या. छायाचित्रात ते अंतर दिसत नाही.

१६/ त्यांना मिळालेला तो सुवर्णपुतळाही नव्हता. साहाय्यक अभिनयासाठी त्या काळी फलकच देत. आणि ज्या ‘पहिल्या’ शब्दाचा आपण एवढा उत्सव करतो, त्याचा हिशेब पाहा : अभिनयाचे ऑस्कर मिळालेली दुसरी कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, १९९१ साली. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली. ‘पहिली’ म्हटले की दार उघडल्याचा भास होतो. येथे दार किलकिले झाले आणि लगेच लावून घेतले गेले. ज्या संस्थेने ते लावले, तीच ते छायाचित्र अभिमानाने मिरवते.

१७/ पुरस्कारानंतर काय बदलले? फारच थोडे. ‘इन धिस अवर लाइफ’ (१९४२) मध्ये त्यांना एक अपवादात्मक भूमिका मिळाली. एका गोऱ्या तरुणीने केलेल्या अपघाताचा आळ ज्या होतकरू मुलावर येतो, त्याची आई. पोलिसांनी आपले ऐकूनही घेतले नाही, हे ती आई शांतपणे सांगते. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये असे वाक्य कृष्णवर्णीय पात्राच्या तोंडी येणे दुर्मीळ होते. पण पुढे पुन्हा स्वयंपाकघर आणि पुन्हा एप्रन. १९४६ चा ‘साँग ऑफ द साउथ’ हा तर पुन्हा मळ्याचीच गोड कहाणी. तो त्यांच्या कारकिर्दीवरील डाग आहे आणि मी तो पुसणार नाही.

१८/ १९४२ मध्ये एनएएसीपीचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांनी स्टुडिओंच्या मालकांशी वाटाघाटी केल्या. मागणी रास्त होती : कृष्णवर्णीयांना माणूस म्हणून दाखवा. पण ज्यांच्या पोटावर याचा थेट परिणाम होणार होता, त्या कलावंतांना त्यांनी विश्वासात घेतले नाही. मॅकडॅनियल आणि त्यांचे सहकारी दुखावले ते यामुळे. नव्या प्रतिमेचा चेहरा म्हणून पुढे आल्या तरुण लीना हॉर्न. आणि त्या हॉर्न यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की हॉलिवूडमध्ये आपल्याला आपुलकीने घरी बोलावून धीर देणाऱ्यांत मॅकडॅनियल होत्या.

१९/ येथे एका प्रसिद्ध वाक्याचा समाचार घेऊ. ‘मोलकरीण होऊन आठवड्याला सात डॉलर मिळवण्यापेक्षा मोलकरीण रंगवून सातशे मिळवलेले बरे’, अशा आशयाचे वाक्य त्यांच्या नावावर सांगितले जाते. एक पक्ष ते हजरजबाबीपणा म्हणून वापरतो, दुसरा स्वार्थाचा कबुलीजबाब म्हणून. वाक्याची शब्दरचना आणि आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा फिरत्या वाक्यावर एका माणसाचा निकाल देऊ नये. निकाल द्यायचाच तर कृतीवर द्यावा. आणि कृतीची नोंद न्यायालयात आहे.

२०/ आता खरी तारीख. लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स हाइट्स भागात जुने प्रशस्त वाडे होते. मंदीत हात आखडलेले गोरे मालक ते विकू लागले आणि विमाव्यावसायिक नॉर्मन ह्यूस्टन, अभिनेत्री लुईस बीव्हर्स, एथेल वॉटर्स यांच्यासारखे कृष्णवर्णीय तेथे राहायला आले. वस्तीला नाव पडले ‘शुगर हिल’. मॅकडॅनियल यांनीही तेथे मोठे घर घेतले. अडचण एकच होती. खरेदीखतांत अट होती की ही मालमत्ता कृष्णवर्णीयांच्या ताब्यात जाऊ नये.

२१/ ही अट समजून घेतली पाहिजे, कारण वर्णभेद फक्त दक्षिणेत होता हा भ्रम येथे मोडतो. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांना वर्णानुसार वस्त्या ठरवण्यास मनाई केली. तेव्हा पळवाट निघाली. कायदा नको, शेजाऱ्यांनी आपापसांत खाजगी करार करावा. १९२६ मध्ये त्याच न्यायालयाने अशा करारांना हात लावण्यास नकार दिला. भिंत सरकारने बांधली नव्हती, असे सांगायची सोय झाली. पण करार मोडला की घर रिकामे करून घ्यायला पोलीस कोणाचे आणि न्यायालय कोणाचे? सरकारचेच. घर देण्यापूर्वी माणसाचा जन्म विचारण्याची रीत ज्यांना परिचित आहे, त्यांना या युक्तीचा चतुरपणा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

२२/ काही गोऱ्या रहिवाशांनी दावा लावला. या लोकांना त्यांच्याच घरांतून बाहेर काढा, अशी मागणी केली. मॅकडॅनियल तेव्हा हॉलिवूडच्या सर्वांत प्रसिद्ध कृष्णवर्णीय चेहऱ्यांपैकी एक होत्या. गप्प राहून दुसरीकडे घर घेणे त्यांना परवडले असते. स्टुडिओला वादग्रस्त नट आवडत नाहीत, हेही त्या जाणत होत्या. त्यांनी शेजाऱ्यांना आपल्या घरी जमवले, एकत्रित लढ्याची आखणी केली आणि प्रतिवादी म्हणून ठामपणे उभ्या राहिल्या. वकील होते लॉरेन मिलर.

२३/ डिसेंबर १९४५ मध्ये प्रकरण न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांच्यासमोर आले. न्यायालय समर्थकांनी भरले होते. क्लार्क यांनी स्वतः जाऊन वस्ती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दावा फेटाळला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : चौदाव्या घटनादुरुस्तीने दिलेले संपूर्ण हक्क कृष्णवर्णीयांना कोणतीही आडकाठी न ठेवता मिळण्याची वेळ आली आहे आणि न्यायाधीश खरा प्रश्न फार काळ टाळत आले आहेत.

२४/ हा निकाल एका राज्यातील खालच्या न्यायालयाचा होता, त्याने देशाचा कायदा बदलला नाही. अतिशयोक्ती नको. परंतु अडीच वर्षांनी, मे १९४८ मध्ये, ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली : असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत. त्या प्रकरणांत थर्गुड मार्शल यांच्या जोडीने युक्तिवाद करणाऱ्यांत शुगर हिलचेच वकील लॉरेन मिलर होते. एका गल्लीतील लढाई देशाच्या लढाईची पूर्वतयारी ठरली, इतके निश्चित म्हणता येते.

२५/ आता माझा प्रश्न. गोऱ्यांनी दिलेला फलक स्वीकारला तो दिवस मोठा, की गोऱ्यांनी नाकारलेले घर सोडणार नाही असे न्यायालयात ठणकावले तो दिवस मोठा? पहिल्या दिवसाची सारी सूत्रे इतरांच्या हाती होती. भूमिका, प्रवेश, टेबलाची जागा, सगळेच. दुसऱ्या दिवशी सूत्रे त्यांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या हाती होती. आपण पहिलाच का लक्षात ठेवतो? कारण त्याचे सुंदर छायाचित्र आहे. आणि त्यात देणारा उदार दिसतो.

२६/ आणखी एक नोंद. ‘ब्यूला’ या आकाशवाणी मालिकेतील कृष्णवर्णीय मोलकरणीचा आवाज आधी मार्लिन हर्ट नावाचा गोरा पुरुष काढत असे. त्याच्या निधनानंतर ते काम आणखी एका गोऱ्या पुरुषाकडे गेले. नोव्हेंबर १९४७ मध्ये मॅकडॅनियल यांनी ती भूमिका घेतली ती आपल्या अटींवर : कृष्णवर्णीयांची म्हणून ठरवलेली विकृत बोली बोलणार नाही. भूमिका मोलकरणीचीच राहिली, खरे आहे. पण जो आवाज चोरीला गेला होता, तो तिने परत आणला. हे काम लहान नाही.

२७/ २६ ऑक्टोबर १९५२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आपल्याला हॉलिवूड दफनभूमीत पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. दफनभूमी केवळ गोऱ्यांसाठी होती, म्हणून नकार मिळाला. रोझडेल येथे त्यांचे दफन झाले. जिवंतपणी जिने घराचा दावा जिंकला, तिला मृत्यूनंतर साडेतीन हात जागा नाकारली गेली. १९९९ मध्ये त्याच हॉलिवूड दफनभूमीत त्यांचे स्मारक उभारले गेले. २००६ मध्ये टपाल तिकीट निघाले. त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाला दिलेला ऑस्कर फलक मात्र तेथून नाहीसा झाला होता. २०२३ मध्ये अकादमीने त्याच्या जागी दुसरा दिला.

२८/ शुगर हिलचे काय झाले? साठच्या दशकात सांता मोनिका महामार्ग त्या वस्तीच्या पोटातून गेला. जे खरेदीखताला जमले नाही, ते नगररचनेने केले. घरे पडली, वस्ती विखुरली. फलक हरवला याची हळहळ सर्वत्र व्यक्त होते. वस्ती हरवली, याची नाही.

२९/ मित्रहो, इतिहासात माणसांना ‘वीर’ आणि ‘द्रोही’ अशा दोन खणांत टाकणे फार सोपे आहे. पण ज्याच्यापुढे तीनच वाटा होत्या, त्याने चौथी का धरली नाही असे विचारणे हा न्याय नव्हे. आधी वाटा मोजाव्यात. मग त्या वाटा कोणी ठरवल्या ते पाहावे. आणि शेवटी, जेथे खरोखरच निवड करता येत होती तेथे त्या माणसाने काय निवडले, ते पाहावे. मॅकडॅनियल यांना भूमिका निवडता आल्या नाहीत. लढा मात्र त्यांनी निवडला.

३०/ पुढच्या ऑस्कर हंगामात ते छायाचित्र पुन्हा तुमच्यासमोर येईल. ते पुढे पाठवू नका, असे मी म्हणत नाही. फुले माळलेली ती स्त्री त्या क्षणाची हक्कदार होती. फक्त त्याखाली एक ओळ जोडा : ‘डिसेंबर १९४५, लॉस एंजेलिस. हिला घराबाहेर काढण्यासाठी लावलेला दावा फेटाळला गेला.’ धागा येथे संपतो.